मल्लिकेचे कूळ आणि यास्मिनचे नाव

मराठी माणसाला जाई, जुई, मोगरा, कुंद आणि कुसर ही पाच फुले पाच निरनिराळी फुले म्हणून ठाऊक असतात, आणि फुलवाल्याकडे मोगऱ्याचा गजरा मागितला असता जुईचा हाती पडला तर तो तत्क्षणी परत केला जातो. परंतु ह्या पाचही फुलांना मिळून एक नाव कोणते, असा प्रश्न कोणी केला तर आपल्या बोलीत त्याला उत्तर नाही. इंग्रजीचा रिवाज ह्याच्या अगदी उलट आहे. तेथे 'जॅस्मिन' हा एकच शब्द ह्या सर्वांना पुरतो, इतकेच नव्हे तर तो पुढे इतका सैलावला आहे की तगर, अनंत, कुंती, रातराणी अशा ज्या वनस्पतींचा ह्या घराण्याशी कवडीचाही संबंध नाही, त्याही त्या नावाखाली खुशाल वावरतात. एका भाषेने भेद जपले आणि नाते सांगायचे सोडून दिले, दुसरीने नाते गृहीत धरले आणि भेद पुसून टाकले. वनस्पतिशास्त्राने गेल्या पावणेतीनशे वर्षांत ह्या दोन्ही रिवाजांच्या मधली वाट काढण्याचा प्रयत्न केला, आणि त्या प्रयत्नाची कथा ह्या फुलांच्या नावांच्या प्रवासाइतकीच वेधक आहे.

प्रथम नावाचा विचार करू. 'जॅस्मिन' ह्या शब्दाचे मूळ इराणात आहे. प्राचीन फार्सीच्या पहलवी अवस्थेत ह्या फुलाला 'यासमन' म्हणत, आणि आजच्या फार्सीतही तेच रूप चालू आहे. इराणच्या डोंगराळ मुलुखापासून हिमालयाच्या रांगांतून थेट चीनच्या पश्चिम भागापर्यंत जिचे रानटी वेल आढळतात, ती चमेलीची जात ह्या नावाची पहिली धनीण असावी, असे मानण्यास भूगोलाचा चांगला आधार मिळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायॉस्कोरिडीज ह्याने औषधी द्रव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात इराणी लोक करीत असलेल्या ह्या फुलाच्या सुगंधी तेलाचा उल्लेख आहे; म्हणजे झाड पश्चिमेस पोचण्यापूर्वी त्याचे तेल, आणि तेलाबरोबर त्याचे नाव, तेथे जाऊन पोचले होते. पुढे अरबांनी हा शब्द 'यासमीन' असा उचलला, त्यांच्या राज्यविस्ताराबरोबर तो भूमध्य समुद्राच्या काठाने स्पेनपर्यंत गेला, मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचे 'जॅस्मिनम' झाले, फ्रेंचांनी त्याचा 'जास्मँ' असा उच्चार केला आणि सोळाव्या शतकात तो इंग्रजीत रूढ झाला. इटालियन भाषेने मात्र त्याला 'जेल्सोमिनो' असे आपल्या जिभेला मानवेल असे वळण दिले. ह्या रूपाची गाठ आपल्याला पुढे आणखी एकदा पडणार आहे. मुलींच्या नावांचे अर्थ सांगणाऱ्या पुस्तकांतून यास्मिन म्हणजे ईश्वराची देणगी, असे हल्ली सर्रास छापले जाते. तो अर्थ गोड असला तरी फार्सी भाषेत त्याला दाखला नाही. फार्सीत यासमन म्हणजे ते फूल, आणि त्यापलीकडे त्या शब्दाची फोड करण्याचे सायास व्यर्थ आहेत.

आपल्या देशात ह्या फुलांची नावे अगदी वेगळ्या दृष्टीने पडली. अमरकोशातील वनौषधिवर्ग उघडून पाहिला तर असे दिसते की आपल्या पूर्वजांनी प्रत्येक वेलीकडे स्वतंत्रपणे पाहिले, आणि तिचा ऋतू, तिचा स्वभाव व तिची ठेवण ध्यानात घेऊन तिला नावे दिली. मल्लिकेचे, म्हणजे मोगऱ्याचे, एक नाव 'शीतभीरु' असे आहे, कारण थंडीला भिऊन ही वेल हिवाळ्यात मिटून बसते आणि उन्हाळा चढू लागला म्हणजे बहरते. कुंदाला 'माघ्य' म्हटले आहे, कारण त्याचा बहर ऐन माघात असतो. जुईचे 'यूथिका' हे नाव यूथ म्हणजे समूह ह्या शब्दावरून आले, आणि तिच्या फुलांचे दाट घोस ज्याने पाहिले आहेत त्याला ते नाव किती यथार्थ आहे हे निराळे सांगावयास नको. जाईला सुमना, मालती आणि जाती अशी तीन नावे आहेत. ह्यांतील 'जाती' ह्या शब्दाचे प्राकृतातून 'जाई' झाले, 'यूथिके'ची 'जुई' झाली, आणि मोगऱ्याचे नाव 'मुद्गर' म्हणजे मोगर अथवा हातोडा ह्या शब्दापर्यंत मागे नेता येते. त्याच्या टपोऱ्या, गोलसर कळीकडे पाहिले म्हणजे मुद्गराची आठवण कोणाला का झाली असेल, हे समजते. 'जाती' हा शब्द आणखी एका ठिकाणी आपल्या घरात नांदतो आहे. जायफळ म्हणजे 'जातीफल' आणि जायपत्री म्हणजे 'जातीपत्री'. मोलुक्का बेटांवरून आलेल्या त्या मसाल्याच्या वृक्षाचे आणि जाईच्या वेलीचे शास्त्रीय नाते कोणतेच नाही. तरीही श्रीखंडात जायफळ किसून घालणारी गृहिणी आणि वेणीत जाई माळणारी तिची लेक एकच शब्द उच्चारीत असतात, एवढे खरे.

ही संस्कृत नावे घरी स्वस्थ बसली नाहीत. चिनी भाषेत मोगऱ्याला 'मोली' म्हणतात, आणि हे 'मोली' मल्लिकेचेच चिनी रूप आहे. जी हान नावाच्या अधिकाऱ्याच्या नावावर असलेला, दक्षिणेकडील वनस्पतींचे वर्णन करणारा एक जुना चिनी ग्रंथ आहे. इसवी सन 304 हा त्याचा परंपरेने मानलेला काळ विद्वानांत वादग्रस्त आहे. पण त्यात यासमीनचे 'येशीमिंग' आणि मल्लिकेचे 'मोली' अशी दोन्ही नावे शेजारीशेजारी आली आहेत, आणि ही दोन्ही फुले पश्चिमेकडील परकीयांनी दक्षिण चीनच्या बंदरांत आणून लावली, असे तेथे सांगितले आहे. एकाच पानावर इराणचे नाव आणि भारताचे नाव अशी दोन्ही भेटावीत, आणि भेटावीत ती दोहोंपासून दूर चीनच्या किनाऱ्यावर, ह्यापेक्षा त्या काळच्या समुद्रव्यापाराचा बोलका पुरावा कोणता हवा! इंडोनेशियात ह्याच मोगऱ्याला 'मेलाती' म्हणतात. तो शब्द उघडउघड 'मालती'वरून आला आहे, आणि 1990 साली त्या देशाने मेलातीला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. फिलिपीन्सने त्याआधीच, 1934 साली, मोगऱ्यालाच तो मान दिला होता; तेथील त्याचे 'सांपागिता' हे नाव मात्र आपल्या चंपकाच्या नावावरून गेलेले आहे, असे मानतात. जाईचे नाव मोगऱ्याला आणि चाफ्याचे नावही मोगऱ्यालाच, असा हा प्रकार झाला. नाव वाऱ्यावर बसून परमुलुखात गेले म्हणजे ते ज्या फुलावर उतरेल तेच त्याचे होते.

पश्चिमेकडच्या प्रवासात गोव्याचा वाटा मोठा आहे. पोर्तुगीजांनी मोगऱ्याला 'बोगारिम' अथवा 'मोगारिम' म्हटले, ते कोंकणी लोकांच्या तोंडून ऐकलेल्या नावावरून. आणि ब्राझीलमध्ये आजही हेच फूल 'बोगारी' ह्या नावाने ओळखले जाते. सतराव्या शतकाच्या अखेरीस भरगच्च पाकळ्यांचा एक मोगरा गोव्याहून इटलीत गेला आणि तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची ह्याचा जीव त्यावर जडला. फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लो येथील आपल्या बागेत त्याने त्या रोपांसाठी थंडीपासून बचाव करणारे एक खास घर बांधविले, आणि आजही त्या वास्तूला 'मुगेरिनी'चे उष्णगृह म्हणतात. 'मुगेरिनो' हे मोगऱ्याचेच इटालियन रूप होय. दाट पाकळ्यांच्या त्या मोगऱ्याला युरोपातील बागाईतदार अजूनही तस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या नावाने ओळखतात. त्यात गोव्याचे नाव कोठेही उरले नाही, हे आपल्या बाजूने पाहणाऱ्याला थोडे लागून राहते.

आता शास्त्राकडे वळू. स्वीडनचा कार्ल लिनियस ह्याने 1753 साली 'स्पीशीज प्लँटारम' हा ग्रंथ प्रसिद्ध करून वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे देण्याची जी पद्धती घालून दिली, तिच्यात चमेलीच्या घराण्याला त्याने जुने लॅटिन नाव कायम ठेवून 'जॅस्मिनम' म्हटले. त्याचे वर्गीकरण मुख्यतः फुलातील पुंकेसर आणि किंजल मोजून केलेले होते. ज्या फुलांत दोन पुंकेसर आणि एक किंजल, ती सर्व एका कोठीत. चमेलीच्या नळीत डोकावून पाहिले तर आत, नळीच्या भिंतीला चिकटलेले, नेमके दोनच पुंकेसर सापडतात, आणि म्हणून ती त्या कोठीत गेली. तिच्याबरोबर ऑलिव्ह, लायलॅक आणि पारिजातक हेही तेथे आले, आणि ते पुढे तिचे खरोखरीचे आप्त ठरले. पण त्याच कोठीत अडुळसा वर्गातील काही झाडे, साल्व्हिया आणि रोझमेरी हीही येऊन बसली, कारण त्यांचेही पुंकेसर दोन. मोजणी अचूक असूनही नाते चुकावे, असा हा अनुभव होता. कृत्रिम पद्धती म्हणून तिचा अव्हेर पुढच्या पिढीने केला हे खरे, पण तिने अनोळखी झाडाला जागा मिळवून देण्याचे जे मोठे काम केले, त्याचे ऋण विसरता येत नाही.

मोगऱ्याच्या बाबतीत लिनियसची मोठीच गफलत झाली. त्याने जॅस्मिनमच्या फुलाला पाच खंड आणि 'निक्टँथीस' ह्या दुसऱ्या प्रजातीच्या फुलाला आठ खंड असा भेद ठरविला होता, आणि मोगऱ्याचे खंड पाचांहून अधिक म्हणून त्याने त्याला पारिजातकाच्या शेजारी नेऊन 'निक्टँथीस सॅम्बॅक' असे नाव दिले. निक्टँथीस म्हणजे रात्री फुलणारे फूल. मोगराही संध्याकाळी उमलतो, तेव्हा नाव अगदीच अस्थानी नव्हते. पण पाकळीच्या खंडांची संख्या ह्या घराण्यात विश्वासू साक्षीदार नाही. एकाच वेलीवरच्या दोन फुलांतही ती कमीअधिक असू शकते, आणि माळ्यांनी जोपासलेल्या बटमोगऱ्यात व हजारी मोगऱ्यात तर तिचा हिशेबच राहत नाही. लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानाचा प्रमुख विल्यम ऐटन ह्याने 1789 साली त्या उद्यानातील वनस्पतींची जी सूची छापली, तीत त्याने मोगऱ्याला तेथून उचलून जॅस्मिनममध्ये आणले, आणि तेव्हापासून 'जॅस्मिनम सॅम्बॅक' हेच त्याचे अधिकृत नाव आहे. ह्यातील 'सॅम्बॅक' हा शब्द अरबी 'झंबक'वरून आला आहे. अरब व्यापारी ह्या फुलांच्या तेलाला ते नाव देत, आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचे 'सांबाकुस' झाले. फार्सीत मात्र झंबक म्हणजे आयरिसचे फूल. तेव्हा ज्या फुलाची लागवड ह्या देशात अनादी काळापासून चालत आली, त्याच्या शास्त्रीय नावातील पहिला शब्द इराणचा व दुसरा अरबस्तानचा, असा योग जुळून आला.

आपल्याकडील ज्ञान त्या ग्रंथांत मुळीच पोचले नाही, असे मात्र कोणी समजू नये. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड ह्याने 1678 ते 1693 ह्या काळात 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ काढला, आणि मलबारच्या मोगऱ्याची व त्याच्या बहिणींची 'मुल्ला' ह्या मलयाळी नावाखाली त्यात वर्णने आहेत; लिनियसने स्वतः ह्या ग्रंथाचे दाखले घेतले. त्या ग्रंथाच्या कामी इट्टी अच्युतन ह्या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन गौड सारस्वत वैद्य होते, आणि त्यांनी 1675 साली नागरी लिपीत व कोंकणी भाषेत लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे. गोव्यातून परागंदा झालेल्या कुळांतील ह्या विद्वानांची विद्या त्या ग्रंथाद्वारे युरोपच्या वनस्पतिशास्त्राच्या पायात घातली गेली, ह्याचा अभिमान बाळगणे योग्यच होईल.

मग जॅस्मिनम ओळखावयाचे कसे? बहुतेक जातींत पाने समोरासमोर, फूल अरुंद नळीचे व वर ताटासारखे पसरलेले, नळीत दोन पुंकेसर, आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे फळ: पिकल्यावर काळे होणारे, रसाळ, दोन गोळे जोडल्यासारखे जुळे मृदुफळ, ज्यातील एक गोळा पुष्कळदा खुरटून दुसराच वाढतो. आपल्या मोगऱ्याला फळ धरलेले फारसे कोणी पाहिलेले नसते, ह्याचे कारण असे की त्याच्या लागवडीतील कित्येक वाणांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात आणि अशी झाडे बहुधा वांझ राहतात. जॅस्मिनमचा मूळ संच तेरा गुणसूत्रांचा, म्हणजे सामान्य झाडात सव्वीस आणि ह्या मोगऱ्यात एकोणचाळीस. पिढ्यानपिढ्या छाटे आणि दाब लावून त्याची वाढ होत आली आहे, तेव्हा आज परसात उभा असलेला मोगरा एका अर्थी शेकडो वर्षांपूर्वीच्या कोण्या मोगऱ्याचीच लांबत गेलेली फांदी आहे.

जॅस्मिनम प्रजातीत सुमारे दोनशे जाती आहेत, आणि एवढा मोठा परिवार सांभाळण्यासाठी तिचे पोटविभाग पाडणे भाग होते. जिनीव्हाच्या द कांदोल ह्याने 1844 साली ही विभागणी पानांवरून केली, आणि काही फेरफार होऊन ती पुष्कळ काळ टिकली. ही विभागणी आपल्या अंगणात उभे राहूनही पडताळून पाहता येते. जाईचे पान पिसासारखे संयुक्त असते, एका देठावर सात, नऊ, कधी अकरा पर्णिका; तिची कळी बाहेरून गुलाबी छटेची. तिला लिनियसने 1762 साली 'जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम' म्हणजे मोठ्या फुलांची चमेली असे नाव दिले, आणि इराणची जी मूळ चमेली 'ऑफिसिनॅल', तिची ती अगदी सख्खी बहीण आहे, इतकी की पुष्कळ अभ्यासक त्या दोहोंना वेगळे मानावे की नाही ह्याविषयी घोटाळले. मोगरा, कुंद आणि कुसर ह्यांचे पान मात्र साधे, एकच. कुंदाच्या कोवळ्या फांद्यांवर आणि पुष्पकोशावर मऊ लव असते. बोटाने चाचपल्यास तो मोगऱ्यापासून अंधारातही वेगळा ओळखता येईल. जुईचे पान पाहताना काळजी घ्यावी लागते. ते वरवर साधे दिसते, परंतु देठाशी दोन इवल्या पर्णिका कानांसारख्या चिकटलेल्या असतात, काही पानांत त्या गळूनही गेलेल्या असतात. डेन्मार्कच्या व्हाल ह्या शास्त्रज्ञाने हेच कान पाहून तिला 'ऑरिक्युलॅटम', म्हणजे कानवाली, असे नाव दिले. जुई म्हणजे तीन पर्णिकांच्या गटाची, मोगऱ्याच्या दिशेने अर्धी वाट चाललेली वेल आहे, असे मला नेहमी वाटते.

आणखी एक गट आहे, पिवळ्या फुलांचा. हिमालयात व दक्षिणेच्या उंच डोंगरांवर वाढणाऱ्या ह्या झुडपांची पाने समोरासमोर नसून एकाआड एक असतात. अमरकोशाने जुईच्या पिवळ्या प्रकाराला 'हेमपुष्पिका' म्हटले आहे, आणि पुढील टीकाकारांनी तिची सांगड ह्या पिवळ्या वेलींशी घातली. 2014 साली बान्फी ह्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने ह्या गटाला जॅस्मिनममधून वेगळे काढून 'क्रायसोजॅस्मिनम', म्हणजे सोनेरी चमेली, अशी स्वतंत्र प्रजाती केली, आणि क्यू उद्यानाच्या सूचीनेही हा फेरफार मान्य केला. ह्यामागे केवळ रंगाचा विचार नव्हता. जनुकांच्या तुलनेतून असे आढळले की अमेरिकेच्या व दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशांत वाढणारी, सुक्या फळांची 'मेनोडोरा' ही प्रजाती जॅस्मिनमच्या शाखांमध्येच कोठेतरी उगवलेली आहे. तिचा अंडाशयही जुळा आहे, ही खूण पूर्वीच्या अभ्यासकांना दिसत होती. नात्याची खोली मात्र जनुकांनी दाखविली. महसूल दफ्तरात वारसाची नोंद नव्या पुराव्याने बदलावी तशी ही नोंद बदलली, आणि पुन्हा बदलणार नाही असे कोणी म्हणू नये.

एक पायरी वर चढले की कुलाचा प्रश्न येतो. ज्यूस्यूने 1789 साली चमेली, ऑलिव्ह, लायलॅक इत्यादींना एकत्र करून एक नैसर्गिक कुल मांडले. पुढे काहींनी चमेलीचे वेगळे कुल केले, काहींनी ते पुन्हा मोडले, आणि आज ही सर्व मंडळी 'ओलिएसी' ह्या कुलात, मराठीत ज्याला पारिजातक कुल म्हणतात त्यात, नांदत आहेत. ऑलिव्हचा तेलकट गर आणि जुईचा घोस ह्यांत कोणाला काय साम्य दिसावे? परंतु दोन पुंकेसरांची ती जुनी खूण येथे खरोखरीच्या रक्ताच्या नात्याची निघाली. 1945 साली झालेल्या गुणसूत्रांच्या अभ्यासाने आणखी एक मोठी गोष्ट उघड केली: ऑलिव्ह, अ‍ॅश आणि लायलॅक ह्यांच्या शाखेत गुणसूत्रांचा मूळ संच तेवीसचा आहे, म्हणजे चमेलीच्या शाखेच्या जवळजवळ दुप्पट, तेव्हा अतिप्राचीन काळी दोन पूर्वजांच्या संकरातून ती शाखा निपजली असावी. 2000 साली वॉलँडर आणि अल्बर्ट ह्यांनी डीएनएच्या आधारे ह्या कुलाची पाच शाखांत फेरमांडणी केली. पारिजातक, ज्याला मध्यंतरी साग-निर्गुडीच्या कुलात आणि एकदा तर स्वतःच्या वेगळ्या कुलात पाठविण्यात आले होते, तो ह्या मांडणीत ओलिएसीमध्ये पक्का झाला. मात्र चमेलीच्या शाखेत नव्हे, तर कुलाच्या अगदी बुंध्याजवळून फुटलेल्या एका जुन्या शाखेत. लिनियसने मोगऱ्याला पारिजातकाजवळ बसविले ते चुकले खरे, पण तो फार दूर गेला नव्हता. सह्याद्रीतील पारजांभूळ हे ऑलिव्हचे सख्खे भावंड, आणि लाकडी फळांचा मोखा हाही ह्याच कुलातला. आपल्या रानात ह्या घराण्याची पाळेमुळे अशी खोल रुजलेली आहेत.

उलट ज्यांना जगाने जॅस्मिन म्हटले, त्यांची कुळे पाहिली म्हणजे वासाची साक्ष किती फसवी आहे ते कळते. अनंताला 1761 साली एलिस ह्याने 'गार्डेनिया जॅस्मिनॉइडीस', म्हणजे चमेलीसारखा, असे नाव दिले, पण तो कॉफीच्या कुलातला आहे. रातराणी बटाट्याच्या आणि टोमॅटोच्या कुलातली. कुंती लिंबाच्या कुलातली, आणि तिचे पान चुरडले तर ते कबूल करते. तगर करवंदाच्या कुलातला, आणि करवंदाचे फूल स्वतःच चमेलीचा वास देते. अमेरिकेतील पिवळ्या फुलांची विषारी 'जेल्सेमियम' ही वेल तर आपले शास्त्रीय नावच इटालियन 'जेल्सोमिनो'वरून घेऊन बसली आहे. आपल्याकडे मधुमालती ही ना मालती ना जाई. ती हिरड्याच्या कुलातली आहे. बंगालात मालती म्हणून जी वेल दाखवितात ती करवंदाच्या कुलातली, आणि मराठी रानातली रानजाई म्हणजे मोरवेल, जिचा जाईशी संबंध नावापुरता. रात्री पतंगांना बोलवायचे तर पांढरा रंग, लांब नळी आणि गोड दरवळ ही साधने कामी येतात, आणि अनेक कुळांनी ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे कमावली, हे ह्या सर्व साम्याचे खरे कारण आहे. लोकांनी नावे नाकाने दिली. त्यात त्यांचा दोष काढण्याचे कारण नाही, कारण त्यांना गजऱ्याची निवड करावयाची होती, वंशावळीची नव्हे. दोष आहे तो त्या नावावरून नाते गृहीत धरणाऱ्याचा.

ह्या वासाचे रसायन शोधताना शास्त्रज्ञांना जे हाती लागले त्याने चमेलीचे नाव आणखी एका क्षेत्रात पोचविले. जाईच्या तेलातून मिळालेल्या एका द्रव्याला 'जॅस्मोन' म्हटले गेले, आणि 1962 साली त्याच तेलातून 'मेथिल जॅस्मोनेट' हे दुसरे द्रव्य वेगळे काढण्यात आले. 1990 साली असे सिद्ध झाले की हेच द्रव्य हवेतून टोमॅटोच्या रोपापर्यंत पोचले असता ते रोप किडीविरुद्ध संरक्षक प्रथिने तयार करू लागते. आणि आज जॅस्मोनेटे ही वनस्पतिसृष्टीत सर्वत्र आढळणारी संप्रेरके मानली जातात. खुडल्यावरही जाई-मोगऱ्याची फुले बराच वेळ गंध निर्माण करीत राहतात. तिळांच्या थरांवर ताजी फुले पसरून ती पुन्हापुन्हा बदलायची आणि मग ते तीळ घाण्यात घालायचे, ही फुलेल काढण्याची आपली जुनी रीत ह्याच गुणधर्मावर उभी आहे.

गोव्यात म्हार्दोळच्या महालसा देवीची जायांची पूजा प्रसिद्ध आहे, आणि त्या फुलांची जपणूक तेथील फुलकार कुटुंबांनी परंपरेने केली. लागवडीतल्या फुलांना असे रखवालदार मिळतात. रानातल्यांना ते मिळत नाहीत. आपल्या सह्याद्रीची खास चमेली म्हणजे कुसर, शास्त्रीय नाव 'जॅस्मिनम मलबारिकम', रॉबर्ट वाइट ह्याने वर्णिलेली. चैत्र-वैशाखात घाटमाथ्याच्या रानात तिचे पांढरे घोस दिसतात, आणि अनेक गावांतील मुली ते माळतात. परंतु कुसर हेच नाव सर्वत्र चालते असे नाही. कोठे तिला रानमोगरा म्हणतात, आणि तेच नाव दुसऱ्या गावी दुसऱ्याच वेलीला असते. थिओडोर कुक ह्याने 1901 ते 1908 ह्या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात त्याने शास्त्रीय नावांसोबत मराठी नावेही आवर्जून नोंदली. शंभराहून अधिक वर्षांनंतर आज आपण त्याच नोंदीवर पुष्कळ अंशी विसंबून आहोत, आणि तिच्यात भर घालण्याचे काम परदेशच्या अभ्यासकाने येऊन करावे अशी वाट पाहणे आपल्याला शोभणारे नाही.

म्हणून वाचकांपाशी एक विनंती आहे. आपल्या गावच्या रानात जाई, जुई, मोगरा अथवा कुसर ह्यांच्या जवळची जी कोणती वेल असेल, तिला तेथील धनगर, ठाकर, कातकरी व वृद्ध स्त्रिया काय म्हणतात ते विचारून घ्यावे. तिची फूल व पाने असलेली एक डहाळी, आणि मिळाले तर ते जुळे फळ, कागदात दाबून वाळवावी. आणि गावाचे नाव, तारीख व स्थानिक नाव लिहून ती जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे, किंवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडे अथवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमकडे पोचती करावी. फुलाची नळी उभी चिरून आत दोन पुंकेसर आहेत ना, हे मात्र पाठविण्यापूर्वी पाहून घ्यावे.